गर्भवतीच्या श्वासांतील धूर व मुलाची बुद्धि

सोयाबीनचें बियाणें घरचें असो कीं विकतचें, त्यांतले १०० दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून किती उगवतात हें पाहिल्यावांचून चाड्यावर मूठ धरणारा शेतकरी आतां आमच्या अहमदपूर तालुक्यांत विरळा. सत्तरांहून कमी दाणे उगवले तर तो बियाणें बदलतो, अगर एकरीं प्रमाण वाढवितो. बियाण्याच्या बाबतींत इतकी दक्षता बाळगणाऱ्या आम्हां लोकांच्या घरांत सूनबाईस दिवस गेले म्हणजे तिच्या डोहाळ्यांची, ओटीभरणाची व माहेरीं पाठविण्याच्या मुहूर्ताची चर्चा होते. परंतु ती रोज सकाळ-संध्याकाळ कोणत्या हवेंत बसते, हा प्रश्न सहसा कोणी काढीत नाहीं. तो प्रश्न प्रस्तुत लेखांत काढावयाचा आहे.

हा विषय शेतीच्या मासिकांत कशाला, अशी शंका कित्येकांस येईल. जळण शेतांतून येतें, पाचट शेतांत जळतें, आणि गॅसची टाकी आणावयाची कीं नाहीं हें ज्याच्या हातीं आडत्याची पट्टी येते तो ठरवितो. म्हणून हा विषय प्रथम शेतकऱ्याचा आहे, डॉक्टराचा मागाहून.

आमच्याकडे चुलींत मुख्यत्वेंकरून तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीचें लांकूड व गोवऱ्या जळतात. जळण पूर्णपणें जळालें तर त्यापासून पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड यांपलीकडे फारसें कांहीं निघत नाहीं. परंतु साध्या चुलीच्या तोंडीं हवा पुरेशी पोंचत नाहीं, जळणांत ओल असते, आणि ज्वाळा भांड्याच्या बुडास लागतांच थंड होते. त्यामुळें जळणाचा कांहीं भाग अर्धवट जळून धूर होतो. ह्या धुरांतील तीन पदार्थ लक्षांत ठेवण्याजोगे आहेत. पहिला, अतिशय बारीक कण, ज्यांचा व्यास २.५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारें तिसाव्या हिश्श्याइतका असतो. मोठी धूळ नाकांत व घशांत अडकते आणि खोकल्यावाटें पडते. हे कण थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. दुसरा, कार्बन मोनॉक्साइड हा वायु. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो डोळ्यांत पाणीहि आणीत नाहीं. तिसरा, डांबराच्या जातीचीं चिकट द्रव्यें, ज्यांस रसायनशास्त्रांत पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन म्हणतात. चुलीवरच्या आढ्यास जी काळी चिकट काजळी धरते, तींत हीं द्रव्यें असतात.

ह्या धुराचें मोजमाप झालेलें आहे. १९८१ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ व त्यांचे भारतीय सहकारी यांनीं गुजरातेंतील चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावर लहान यंत्रें लावून त्यांच्या नाकाशीं येणारी हवा तपासली. चूल पेटलेली असतांना दर घनमीटर हवेंत सरासरी सुमारें ७ मिलिग्रॅम, म्हणजे ७,००० मायक्रोग्रॅम कण भरले. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं बारीक कणांची वर्षाची सरासरी मर्यादा ५ मायक्रोग्रॅम सांगितली. आपल्या देशाची कायदेशीर मर्यादा ४० आहे. गुजरातचा आंकडा स्वयंपाकाच्या वेळेपुरता व लहान-मोठ्या सर्व कणांचा असल्यामुळें तो ह्या मर्यादांशीं मापास माप लावून तोलतां येणार नाहीं. तरी पायलीच्या ठिकाणीं पोतें आहे एवढें त्यावरून कळतें.

आतां आईच्या नाकांतून आंत गेलेला धूर गर्भापर्यंत पोंचतो कसा तें पाहूं. गर्भ स्वतः हवेंतून श्वास घेत नाहीं. आईच्या रक्तांतला प्राणवायु वारेंतून व नाळेवाटें त्यास मिळतो. कार्बन मोनॉक्साइड रक्तांतील हिमोग्लोबिनास प्राणवायूच्या मानानें दोनशेंहून अधिक पट घट्ट चिकटतो, म्हणून जितकें हिमोग्लोबिन तो अडवितो तितकें प्राणवायु वाहून नेण्याच्या कामीं येत नाहीं. हा वायु वार ओलांडून गर्भाच्या रक्तांतहि जातो आणि तेथून आईच्या रक्तापेक्षां सावकाश निघतो. त्यांत आमच्या बायांच्या अंगीं रक्त आधींच कमी. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील गर्भवतींपैकीं शेंकडा ५२ स्त्रियांस पंडुरोग आढळला. ज्या विहिरीचें पाणी तळास गेलें आहे तिच्यावर आणखी एक मोट चालवावी, तसा हा प्रकार होतो.

बारीक कणांची गोष्ट याहून नवी आहे. ते आईच्या फुप्फुसांतच अडकून राहत असतील, अशी पूर्वीं पुष्कळांची समजूत होती. २०१९ सालीं बेल्जममधील हासेल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनीं वारेच्या गर्भाकडील बाजूस काजळीचे कण दाखविले. आणि २०२२ सालीं त्यांनीं व स्कॉटलंडमधील ॲबर्डीनच्या संशोधकांनीं गर्भाचें यकृत, फुप्फुस व मेंदू ह्यांत तसेच कण असल्याचें प्रसिद्ध केलें. मेंदू व पाठीचा मज्जारज्जु ज्या नळीपासून बनतात ती नळी गर्भ राहिल्यापासून सुमारें २८ दिवसांत मिटते. त्या वेळीं पुष्कळ स्त्रियांस दिवस गेल्याची खात्रीहि झालेली नसते. पुढें महिन्यामागून महिना मेंदूच्या पेशी वाढतात, आपापल्या जागीं जातात, एकमेकींशीं जोडल्या जातात. ज्वारी पोटऱ्यांत असतांना पडलेला ताण कणीस भरतांना दिसतो, हें आपणांस सांगावयास नको.

गर्भांत घडलेली गोष्ट मुलाच्या शाळेच्या वयांत उमटते काय, ह्याचा शोध आपल्या मराठी मुलखांतहि घेतलेला आहे. तो धुराविषयीं नाहीं, आहाराविषयीं आहे, परंतु पद्धत समजण्यास उपयोगीं पडेल. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील शेतकरी कुटुंबांतल्या स्त्रियांची गर्भारपणांत तपासणी केली व पुढें त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षें पाठपुरावा केला. त्यांपैकीं १०८ मुलांची नवव्या वर्षीं बुद्धीची परीक्षा घेतली. ज्या मातांच्या रक्तांत गर्भारपणीं ब-१२ हें जीवनसत्त्व फार कमी होतें, त्यांच्या मुलांस लक्ष टिकवून धरण्याच्या व ऐकलेले आंकडे उलटे म्हणून दाखविण्याच्या परीक्षेंत इतर मुलांहून कमी यश आलें. हा अभ्यास २००८ सालीं प्रसिद्ध झाला. नऊ वर्षांपूर्वींच्या रक्ताची नोंद मुलाच्या पाटीवर उमटावी, ही लहान गोष्ट नव्हे.

धुराच्या बाबतींत असेंच काम प्रथम शहरांत झालें. न्यूयॉर्कमध्यें कोलंबिया विद्यापीठाच्या डॉ. फ्रेडरिका परेरा यांनीं विडी-सिगारेट न ओढणाऱ्या गर्भवतींच्या पाठीवर हवा तपासणारी पिशवी शेवटच्या तीन महिन्यांत दोन दिवस बांधली आणि वर सांगितलेलीं डांबरी द्रव्यें किती श्वासांत जातात तें मोजलें. मुलें पांच वर्षांचीं झाल्यावर २४९ मुलांची बुद्धिपरीक्षा घेतली. ज्यांच्या माता अधिक दूषित हवेंत होत्या, त्या मुलांचा बुद्ध्यंक इतरांच्या मानानें सरासरी ४ गुणांहून थोडा अधिक उतरला (२००९). पोलंडमधील क्राकोव शहरांत, जेथें कोळशाचा धूर फार, तेथें २१४ मुलांवर झालेल्या अभ्यासांत (२०१०) जवळजवळ तेवढाच फरक निघाला. आपल्या चुलींस अधिक जवळचा दाखला ग्वाटेमालाच्या डोंगराळ खेड्यांतला आहे; तेथें उघड्या चुलींवर लांकूड जाळतात. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहींत ज्या मातांच्या श्वासांत कार्बन मोनॉक्साइड अधिक भरला, त्यांच्या सहा-सात वर्षांच्या मुलांस कित्येक परीक्षांत कमी गुण पडले (२०१२). मात्र हीं मुलें अवघीं ३९ होतीं; इतक्या थोड्यांवरून मोठा निवाडा करूं नये.

मला स्वतःस सर्वांत पटण्याजोगा वाटला तो चीनमधील टोंगलियांग गांवचा प्रकार. तेथें शहराजवळ कोळशावर चालणारें वीजकेंद्र होतें; तें सरकारनें २००४ सालीं बंद केलें. संशोधकांनीं वीजकेंद्र चालू असतांना जन्मलेलीं मुलें व बंद झाल्यावर जन्मलेलीं मुलें, दोन्ही तपासलीं. पहिल्या गटांत ज्या मुलांच्या नाळेच्या रक्तांत डांबरी द्रव्यांची खूण अधिक, त्यांची दोन वर्षांच्या वयांतील वाढ मागें पडलेली दिसली. दुसऱ्या गटांत तसा संबंध दिसला नाहीं. गांव तेंच, बोली तीच, अन्न तेंच. बदलला तो धूर.

येथें आमचे गृहस्थ एक आक्षेप घेतात, आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. ते म्हणतात, "आमच्या आईनें, आजीनें जन्मभर चुलीपुढें फुंकणी धरली. आम्ही कोठें मतिमंद निपजलों? आमच्याच आळींतलीं पोरें इंजिनियर झालीं." ह्यास उत्तर देण्यासाठीं मी ज्या कामांत तीस वर्षें घालविलीं त्यांतला दाखला देतों. गांवची पैसेवारी, जिला जुने लोक अजून आणेवारीच म्हणतात, ती पीक कापणीच्या प्रयोगांवरून निघते. पैसेवारी ५० च्या खालीं आली म्हणजे गांवांतल्या प्रत्येक शेतांत निम्मेंच पीक आलें असा अर्थ होत नाहीं, ओढ्याकांठच्या एखाद्या गटांत भरघोस पिकलेलें असतें, आणि त्याचा धनी कचेरींत येऊन "आमच्याकडे कसला दुष्काळ?" असें म्हणूंहि शकतो. तरी गांव बुडालें हें खरेंच असतें. बुद्ध्यंकाचे चार गुण हे असेच गांवच्या सरासरीचे आहेत. ते अमक्याच्या मुलाचे नव्हेत. एका मुलांत ते कोणास दिसणारहि नाहींत.

सरासरी हलली म्हणजे काय होतें तें गणितानें दाखवितां येतें. बुद्ध्यंकाची सरासरी १०० धरतात, व ज्याचा अंक ७० च्या खालीं त्यास शिकण्यास विशेष मदत लागते. दर हजार मुलांत अशीं सुमारें २३ मुलें असतात. आणि तितकींच, म्हणजे २३, दुसऱ्या टोंकास १३० च्या वर असतात. आतां सगळ्यांचा अंक चार गुणांनीं खालीं सरकला असें मानलें, तर ७० च्या खालचीं मुलें २३ वरून ४० च्या वर जातात आणि १३० च्या वरचीं १२ च्या आसपास उरतात. न्यूयॉर्कचा आंकडा आमच्या तालुक्यास जसाच्या तसा लागू पडेल असें माझें म्हणणें नाहीं. चार गुण म्हणजे किरकोळ, असें जें वाटतें तेवढ्याचें हें उत्तर आहे. "आमचीं पोरें इंजिनियर झालीं" हें खरें. पण जीं आठवींत गळालीं, ज्यांना हिशेबाचें पुस्तक समोर धरलें कीं झोंप येई, त्यांची यादी कोणीं केली आहे?

तरीहि ह्या विषयांत जें अद्याप पक्कें नाहीं तें झाकून ठेवणें योग्य होणार नाहीं. ज्या घरांत धूर अधिक, त्या घरांत बहुधा दूध कमी, आईचें शिक्षण कमी, कष्ट अधिक. मग मुलाच्या बुद्धीस नक्की कोण आड आलें? संशोधक हीं कारणें हिशेबांतून वजा करतात, परंतु सगळीं वजा झालीं अशी शपथ कोणी घेऊं शकत नाहीं. म्हणून प्रयोग करून पाहण्याचें ठरलें. भारत, ग्वाटेमाला, पेरू व र्‍वांडा ह्या चार देशांत मिळून ३,२०० गर्भवती निवडल्या. आपल्याकडील प्रयोग तामिळनाडूंत झाला. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें निम्म्यांस गॅसची शेगडी व गॅस फुकट दिला, निम्म्या चुलीवरच राहिल्या. गॅसवाल्या बायांच्या श्वासांतील बारीक कण दर घनमीटरास सुमारें ७१ मायक्रोग्रॅमच्या ठिकाणीं २४ वर आले. हा उतार मोठा आहे. पण २०२२ सालीं निकाल लागला तेव्हां दोन्ही गटांतील बाळांच्या जन्माच्या वजनांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाहीं. ह्याच तामिळनाडूंत त्यापूर्वीं १,२८५ स्त्रियांच्या अभ्यासांत दर १० मायक्रोग्रॅमांमागें वजन सुमारें ४ ग्रॅमनें कमी आढळलें होतें (२०१८). म्हणजे तेथेंहि फरक बारीकच होता.

ह्यावरून "गॅसचा कांहीं उपयोग नाहीं" असें कोणी म्हणेल तर तें घाईचें होईल. त्या स्त्रियांस गॅस मिळाला तो तिसऱ्या-चौथ्या महिन्यांत किंवा त्यानंतर. आरंभींचे महिने चुलीवरच गेले होते. शिवाय २४ मायक्रोग्रॅम हेंहि जागतिक मर्यादेच्या जवळजवळ पांचपट आहे. आणि तो निकाल वजनाचा आहे, बुद्धीचा नव्हे. माझें मत असें कीं, बी उगवेल कीं नाहीं याची पूर्ण खात्री नसतांनाहि आपण बीजप्रक्रिया करतों, कारण तिचा खर्च थोडा व न केल्यास होणारें नुकसान परत भरून न येणारें असतें. येथेंहि तोच न्याय लावावा.

मग करावें काय? घरांत गॅस नाहीं अशीं कुटुंबें आतां थोडीं राहिलीं. २०१६ च्या मे महिन्यांत उज्ज्वला योजना निघाल्यापासून गरीब घरांतहि बाईच्या नांवानें जोडणी पोंचली. खरी अडचण पुढची आहे. वर म्हटलेल्या पाहणींतच खेड्यांतील शेंकडा ४३ कुटुंबें स्वयंपाकास मुख्यत्वें गॅस, वीज यांसारखें स्वच्छ इंधन वापरतांना आढळलीं. म्हणजे शेगडी ओट्यावर आली तरी तिच्यावर चहा होतो, पाहुण्यांचे पोहे होतात, आणि भाकरी, वरण व पाणी हीं चुलीवरच राहतात. तुराट्या शेतांत फुकट पडलेल्या आहेत आणि टाकीस रोख पैसा लागतो, हें ह्याचें कारण. चुलीवरची भाकरी गोड लागते हें दुसरें कारण सांगतात. ती गोड मानणारा ओसरीवर बसलेला असतो, आणि धूर खाणारी आंत असते, एवढेंच त्यावर म्हणावेंसें वाटतें.

टाकीचा हिशेब मांडून पाहावा. १४.२ किलोची एक टाकी चार-पांच माणसांच्या सगळ्या स्वयंपाकास महिना-सव्वा महिना पुरते. नऊ महिन्यांस सात-आठ टाक्या धरल्या, तर भाव वर-खालीं झाला तरी तो सगळा खर्च दीड-दोन क्विंटल सोयाबीनच्या आंत बसतो. आणि त्यांतून आज तुम्ही आणतांच त्या टाक्या वजा जातात. गरोदरपण घरांत वर्षानुवर्षें चालत नाहीं. ज्या वर्षीं सून अगर मुलगी गर्भार असेल त्या वर्षीं ही रक्कम खत-बियाण्याप्रमाणें आधींच काढून ठेवावी. आणि दिवस गेल्याचें कळण्याची वाट पाहूं नये. मेंदूचा पाया त्यापूर्वींच पडूं लागलेला असतो. लग्न होऊन सून घरीं आली कीं सुरुवात करणें सर्वांत चांगलें.

अंघोळीच्या पाण्याची चूल ही ह्या सर्वांतली चोरवाट आहे. स्वयंपाक गॅसवर गेला तरी पहांटे मोठें पातेलें तापवावयास सूनच बसते, आणि तेथें जळण सर्वांत ओलें व रद्दड असतें. ही चूल घराच्या भिंतीपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगास मांडावी, आणि ती पेटविण्याचें काम घरांतील पुरुषानें अंगावर घ्यावें. त्यांत कोणाची अब्रू जात नाहीं. चूल पेटवितांना प्लॅस्टिकची पिशवी, खताच्या गोणीचा तुकडा किंवा सायकलची जुनी ट्यूब लावण्याची जी खोड सर्वत्र पडली आहे, ती तर ताबडतोब मोडली पाहिजे. त्या काळ्या धुरांत जें असतें तें लांकडाच्या धुरांतहि नसतें. वाळलेली तुराटी, थोडें पाचट, एवढ्यानें चूल पेटते.

ज्यांस चुलीवांचून गत्यंतरच नाहीं, त्यांनीं निदान धुराडें बसवावें. ही कल्पना आमच्या मुलखास नवी नाहीं. हा तालुका हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यांत होता त्या काळीं, १९५३ सालीं, हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे डॉ. एस. पी. राजू यांनीं बिनधुराच्या स्वयंपाकघरांवर पुस्तक लिहून, धूर छपराबाहेर नेणारी मातीची चूल कशी बांधावी हें सांगितलें होतें. पुढें १९८३ पासून २००२ पर्यंत केंद्र सरकारनें सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालविला व देशांत तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या. त्यांतल्या पुष्कळ लवकरच बंद पडल्या. कारण धुराडीं काजळीनें तुंबलीं आणि तीं साफ करण्याचें काम कोणाचें हें कोणीच ठरविलें नव्हतें. धुराडें छपराच्या वर हातभर तरी न्यावें आणि महिन्यांतून एकदां काठीस चिंधी बांधून झाडावें. जळण पावसाळ्यापूर्वीं माळवदाखालीं रचून ठेवावें. कोरडी तुराटी ओलीच्या मानानें पुष्कळ कमी धूर करते.

आतां शेताकडे वळूं. उसाचें पाचट, ज्वारीचीं धसकटें, सोयाबीनची खराब झालेली गुळी, बांधावरचें गवत, हें सर्व उन्हाळ्याच्या तोंडीं पेटवून देण्याचा प्रघात आहे. सायंकाळीं हवा थंडावली कीं तो धूर वर न जातां गांवावर पसरतो, आणि तेथें कोणती बाई गर्भार आहे हें तो विचारीत नाहीं. ऊसतोड कामगारांच्या कोप्या तर फडालाच लागून असतात. त्यांतल्या कित्येक बाया पोटुशा असतात, हें आपणांस ठाऊक आहे. नोकरींत असतांना धसकटें जाळण्यापायीं शेजाऱ्याची कडब्याची गंज जळाल्याचे पंचनामे मीं लिहिले. धुराचा पंचनामा करण्याचा नमुना मात्र आमच्या कचेरींत नव्हता.

पाचट जाळणें हें पदरचें खत जाळणें आहे. एक हेक्टर उसांतून ८ ते १० टन पाचट निघतें. त्यांत नत्र शेंकडा अर्ध्याच्या आसपास व पालाश शेंकडा एकाच्या आसपास असतें. खोडवा ठेवावयाचा असेल तर ऊस तुटल्याबरोबर पाचट सऱ्यांत सारखें पसरावें, बुडखे धारदार कोयत्यानें जमिनीलगत छाटावे, आणि पाचटावर हेक्टरीं ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजविणारें जिवाणू संवर्धन टाकून पाणी द्यावें. पहिल्या पाण्यानंतर वापसा येतांच पाचट पायानें दाबून मातीशीं लावावें. ह्यानें तण दबतें, ओल टिकते आणि पाण्याच्या पाळ्या वाचतात. आमच्यासारख्या टंचाईच्या मुलखांत ही शेवटची गोष्ट एकटीच पुरेशी आहे. खोडवा मोडावयाचा असला तरी यंत्रानें कुट्टी करून तें जमिनींत गाडतां येतें.

शेवटीं बाळंतिणीची खोली. पहिलें बाळंतपण माहेरीं होतें, म्हणजे ही जबाबदारी सासऱ्यावर नव्हे, मुलीच्या बापावर येते. दारें-खिडक्या लावून, बाजेखालीं निखाऱ्यांची शेगडी ठेवून बाळंतिणीस शेक द्यावयाचा आणि ओवा-शेपाची धुरी करावयाची, असा आपला रिवाज आहे. ऊब देण्याचा हेतु चांगला आहे, विशेषतः मार्गशीर्ष-पौषाच्या थंडींत. परंतु रसरशीत निखाऱ्यास धूर दिसत नाहीं म्हणून तो निरुपद्रवी वाटतो, तो तसा नाहीं. बंद खोलींत निखारे हेच कार्बन मोनॉक्साइड अधिक सोडतात, आणि त्यास वास नसल्यामुळें कोणास कळतहि नाहीं. बाळंतिणीचें डोकें जड होणें, मळमळणें, बाळ निपचित पडून राहणें, हीं लक्षणें दृष्टीचीं किंवा बाधेचीं समजून त्याच खोलींत आणखी धूप जाळला जातो. असें कांहीं दिसतांच प्रथम दार-खिडकी उघडून माय-लेकरास मोकळ्या हवेंत आणावें आणि दवाखान्यांत न्यावें. शेक द्यावयाचा तो रबरी पिशवींत गरम पाणी भरून, अगर फडकें तव्यावर तापवून द्यावा. शेगडी अंगणांत राहावी, खोलींत फडकें यावें. बाळाचा मेंदू पहिल्या दोन वर्षांत पोटांत असतांना वाढला तसाच झपाट्यानें वाढत असतो, म्हणून चुलीपाशीं झोळी बांधूं नये, आणि मच्छर अगरबत्तीच्या ऐवजीं बाळाच्या बाजेवर मच्छरदाणी लावावी.